कोरियातला लेझीमवाला

माझी बायको साठी ओलांडल्यावर एका कोरियन पोराच्या नादाला लागली. लपवून काय करू, सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. पोरगा शाळेतला. उंच, गोरा, कपाळावर केस आलेले. शाळेतल्या सगळ्या पोरी त्याच्या मागं, आणि हा कुणाकडं मान वर करून बघायला तयार नाही. राहायचा मोबाइलमध्ये.

कलावती तिचं नाव. भाईंदरच्या जेसल पार्कात आमच्या बिल्डिंगीत कुणी तिला कला मावशी म्हणायचं, कुणी कला मौसी. गेल्या थंडीत ती गेली. शेजारची हेतल परवा म्हणाली, "काका, मौसी के बारे में लिखो ना. मैं टाइप कर दूँगी." मी चौथी पास. जन्म भाईंदरच्या स्टीलच्या गाळ्यात गेला, भांड्यांना पॉलिश मारण्यात. माझी नखं अजून काळी आहेत. पण पोरीनं दोनदा सांगितलं, मग बसलो लिहायला. जसं येईल तसं लिहितो.

कलावती पूनम सागर सोसायटीत घरोघरी चपात्या लाटायची. तिथल्या बाया तिला घाबरायच्या. चपाती जाड झाली म्हणून कुणी तोंड वाकडं केलं तर ही लाटणं पुढं करायची आणि म्हणायची, "घ्या ताई, तुम्ही पातळ करा, मी बघते." कुणी घेतलं नाही कधी. गुडघे गेले तेव्हा काम सुटलं. आमच्या मिलिंदनं, म्हणजे मुलानं, पुण्याहून मोबाइल पाठवला, आईचा वेळ जावा म्हणून. गेला वेळ. पार कोरियापर्यंत गेला.

मोबाइल ती मिठाईच्या रिकाम्या डब्यात ठेवायची, वर दुधाची धुतलेली पिशवी गुंडाळून. जन्मभर पीठ मळून बोटांची टोकं घासून इतकी गुळगुळीत झाली होती की मोबाइल तिचं बोट ओळखायचाच नाही. मग ती डोळ्यांवर चष्मा चढवून, बोट दुमडून पेरानं सरकवायची, दार वाजवल्यासारखं. मी म्हणायचो, "दार उघडलं का गं कोरियाचं?" ती म्हणायची, "तुम्ही गप बसा. पोरगा यायलाय."

हे खूळ लावलं हेतलनं. समोरच्या दारातली, भरतभाई फरसाणवाल्याची मुलगी, तेव्हा अकरावीला. तिचा मोबाइल फक्त अभ्यासाचा, आई जयश्रीबेन रोज तपासायची. म्हणून ही पोर कॉलेजातून आली की आमच्या उंबऱ्यावर बसून कला मौसीच्या मोबाइलवर ती चित्रांची गोष्ट वाचायची. भाडं काय, तर डोक्याला तेल लावून घ्यायचं. कलावतीला कुणाचंही कोरडं डोकं बघवत नसे. मागून तेल लावता लावता तिनं खांद्यावरून चित्रं बघितली आणि लागली की नादाला.

गोष्ट इंग्लिशमध्ये. कलावतीला मराठी अक्षरं कशीबशी लागायची, इंग्लिशचं नाव नको. हेतल मोघम हिंदीत सांगायची, बाकीचं ही तोंडं बघून लावायची. "हा खोटं हसायलाय." "ही रात्री जेवलेली नाही, बघा गाल कसा बसलाय." चष्मा लावणारी एक गरीब पोर, मागच्या बाकावर बसणारी. तिला हा सगळ्यांचा लाडका पोरगा आवडतो. पण तोंड उघडत नाही. रोज त्याच्या बाकावर केळाच्या दुधाचा डबा ठेवते आणि पळून जाते. पोरगा दूध पितो, कुणी ठेवलं ते माहीत नाही. असं वर्षभर चाललेलं. आठवड्याला एक भाग.

कलावती मोबाइलशी भांडायची. "अगं बोल की! तोंडात काय बोळा कोंबलाय का? तो समोर उभाय, बोल!" एकदा त्या पोरानं पावसात आपली छत्री भलत्याच पोरीला दिली. त्या दिवशी आमच्या घरी वरणात मीठ नव्हतं. मी म्हणालो, "वरण अळणी झालंय." तर माझ्यावरच वसकन आली, "तुम्हाला मिठाचं पडलंय! ती पोर भिजत घरी गेली!" कोरियाच्या पोरानं चूक केली आणि सजा मला.

तिला त्या लोकांचं काय काय पटायचं. घरात शिरताना चपला काढतात, मोठ्यांना वाकून नमस्कार करतात. "आपल्यासारखीच माणसं हायेत," म्हणायची. "फक्त नुसत्या शेवया खातात आणि केसाला तेल लावत नाहीत."

आता तिची एक सवय सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. तिनं लग्न झाल्यापासून माझं नाव कधी घेतलं नाही. आमच्या परभणीकडं जुन्या बाया घेत नव्हत्या, तसं. पण हिचं जरा जास्तच होतं. माझं नाव लिंबाजी. तर ही लिंबूसुद्धा म्हणायची नाही. भाजीवाल्याला सांगायची, "भैया, वो खट्टावाला दो." तो बिचारा एकदा कैरी द्यायचा, एकदा चिंच. रेशनच्या ऑफिसात बाबूनं विचारलं, नवऱ्याचं नाव? हिनं कार्ड काढून नावावर बोट ठेवलं. बाबू म्हणाला, तोंडानं सांगा. ही म्हणाली, "तुम्हाला वाचता येतं ना? मग वाचा." रांग हसली, बाबूनं लिहून घेतलं. बिल्डिंगीत मी काका, गाळ्यात उस्ताद, घरी 'अहो'. लिंबाजी हे नाव फक्त कार्डावर उरलं होतं.

मे महिन्यात आमच्या गच्चीवर खिचिया होतात. तांदळाच्या पिठाचे मोठे पापड, गुजराती बाया करतात. पीठ उकडायचं, गोळे करायचे, प्लास्टिकमध्ये ठेवून लाटायचे आणि साडीवर वाळत घालायचे. मराठी बायाही जातात. कलावती गेली की काम झपाट्यानं व्हायचं, तिच्यासारखं लाटणं कुणाचं फिरायचं नाही. मला काम कबुतरं हाकलायचं. हातात काठी, डोक्याला पंचा, टाकीच्या सावलीला बसायचो.

त्या वर्षी हिनं गच्चीवर कोरियाची गोष्ट काढली. अट एकच, लाटणं थांबलं की गोष्ट थांबली. बाया कान देऊन लाटायच्या. पण कोरियन नावं हिच्याच तोंडात बसेनात, तर बायांच्या काय बसणार. पहिल्याच दिवशी एकीनं विचारलं, "कौन लड़की, मौसी?" ही म्हणाली, "अरे वो चश्मेवाली. हेतल समझो. अपनी हेतल जैसी." झालं. तिथून पुढं गोष्टीतली पोर हेतल.

पोराला मात्र नाव दिलं नाही. "वो" म्हणायची. बाया विचारायच्या, "लड़के का नाम तो बोलो!" ही पदर तोंडाला लावायची आणि म्हणायची, "लाटा, लाटा. पीठ गार होतंय."

आणि गोष्ट बदलायला लागली. केळाच्या दुधाचा झाला शेंगदाण्याचा लाडू. बाकाचं झालं पिंपळाचं झाड. मोबाइलमधला पोरगा बास्केटबॉल खेळायचा, हिचा पोरगा लेझीम खेळायला लागला. जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं, कपाळावर घाम, डोक्याला निळा रुमाल, आणि दोन्ही बाजूच्या ओट्यांवर पोरी त्याच्याकडं बघायलेल्या.

मी टाकीखालून ओरडलो, "कोरियात लेझीम कुठं असतंय गं?"

"तुम्ही कबुतरं बघा," ती म्हणाली.

बाया हसल्या. मीही हसलो. मला वाटलं, म्हातारीचं डोकं उन्हानं फिरलं.

गोची अशी झाली की सगळ्या बाया रोज यायच्या नाहीत. बी विंगची निर्मलाबेन मधेच एक दिवस आली, दोन गोळे लाटून गेली. तिला कोरियाचं काहीच ठाऊक नाही. तिनं ऐकलं ते एवढंच, की हेतलचं एका पोरावर मन बसलंय. तो दिसायला देखणा, सगळ्या पोरी त्याच्या मागं, मराठी असावा कारण लेझीम खेळतो. आणि हेतल गुपचूप त्याच्यासाठी लाडू ठेवून येते. कला मौसीला पोराचं नाव माहीत आहे, पण ती सांगत नाही.

जयश्रीबेन त्या महिन्यात दुकानात अडकलेली, गच्चीवर आलीच नव्हती. तिच्या कानावर हे दोन दिवसांत गेलं. भरतभाई तर आधी दुकानातल्या लाडवांची बरणी बघायला धावला. त्यात लाडू कमी निघाले. फरसाणाच्या दुकानात लाडू कमी निघणारच, गिऱ्हाईक नेतात. पण बापाचं डोकं फिरलं की त्याला गिऱ्हाईक दिसत नाही.

घरी येऊन त्यानं पोरीला विचारलं, "किसको लड्डू खिलाती है?"

हेतल काय बोलणार? खरं सांगायचं तर आधी हे सांगावं लागणार, की मी अभ्यासाच्या नावाखाली मौसीच्या मोबाइलवर कॉमिक वाचते. ती रडायला लागली. रडली म्हणजे कबूल, असा आईबापाचा हिशेब. ठरलं लगेच. पोरीला राजकोटला मामाकडं पाठवायचं. बारावी नाही झाली तरी चालेल. बॅग काढली, कपडे भरायला लागले.

मी दूध घेऊन वर येत होतो, संध्याकाळची वेळ. भरतभाईचं दार सताड उघडं, बाहेर पॅसेजमध्ये गच्चीवरच्या बाया उभ्या. आतून पोरीचं रडणं. आणि आमच्या दारातून कलावती भिंत धरत धरत निघाली, हातात मिठाईचा डबा. तिचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. चपात्या जाड झाल्या म्हणणाऱ्या बाईसमोर जशी उभी राहायची, तशी भरतभाईसमोर उभी राहिली.

"बॅग ठेव खाली," ती म्हणाली.

"मौसी, आप बीच में मत पड़ो. आप बड़ी हो, सिर्फ सच बोलो. लड़का कौन है?"

"लड़का वगैरे कुछ नहीं. कहानी है. ये देखो." तिनं डब्यातून मोबाइल काढला, पेरानं ठकठक करून चित्रं लावली. "ये लड़की, ये लड़का. कोरिया के हैं. तुझी पोर माझ्या घरी बसून हे वाचते. वाचते, एवढाच तिचा गुन्हा."

भरतभाईनं चित्रं बघितली. जयश्रीबेननं बघितली. निर्मलाबेनही मान वर करून बघायला लागली, आणि तिनंच घाण केली.

"इसमें लेझीम कहाँ है?" ती म्हणाली. "ये तो बॉल खेल रहा है. और लड्डू? ये तो दूध का डिब्बा है. मौसी, आपने तो दूसरा लड़का बताया था. झाड़वाला."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. खरं होतं. चित्रात लेझीम नाही, लाडू नाही, पिंपळ नाही. भरतभाई म्हणाला, "मतलब लेझीमवाला लड़का अलग है."

कलावतीनं मोबाइल परत डब्यात ठेवला.

"है ना अलग?"

"है," ती म्हणाली.

"मेरी हेतल का..."

"हेतल का कुछ नहीं! वो लड़का मेरा है."

माझ्या हातातली दुधाची पिशवी गळत होती, तेही मला कळलं नाही.

"नाम बोलो, मौसी," भरतभाई म्हणाला. आवाज खाली आला होता, पण बॅग हातात होती. "नाम बोलो, मैं अभी बॅग खाली करता हूँ."

तिनं आत बघितलं. हेतल दारात उभी राहून चष्मा पुसत होती. मग कलावतीनं पदर डोक्यावरून ओढून घेतला, नव्या नवरीसारखा, आणि जमिनीकडं बघून म्हणाली, "लिंबाजी."

जन्मात पहिल्यांदा माझं नाव तिच्या तोंडून ऐकलं. आणि बाकीच्यांना काय कळावं? माझं नाव कुणाला माहीत होतं!

"कौन लिंबाजी?" भरतभाई भडकला. "किस बिल्डिंग का है? क्या करता है?"

कलावतीनं पदर तोंडात कोंबला आणि हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं.

सगळे वळले. मी जिन्याच्या तोंडाशी उभा. बनियन, टक्कल, काळी नखं, पायावर दूध टपकतंय.

"ये?" भरतभाई म्हणाला.

आधी हसली ती हेतल, रडता रडता. मग जयश्रीबेन. मग असं हसू उठलं की वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले. निर्मलाबेन हसून हसून भिंतीला टेकली. "काका! आप हीरो थे?" भरतभाईनं बॅग तिथंच ठेवली, खुर्ची आणली, कलावतीला बसवलं आणि पाणी दिलं. मग तोही तोंड फिरवून हसायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

राजकोट रद्द झालं. पण बाप आहे, अट घातली, परीक्षा होईपर्यंत कॉमिक बंद. कलावती म्हणाली, "बराबर. मी पण नाही बघणार तोवर." आणि खरंच नाही बघितलं. माझ्या वरणात मीठ बरोबर पडायला लागलं.

त्या दिवशी घरात आलो तेव्हा ती दूध तापवायला लागली, उरलं होतं तेवढं. मी पाय पुसत पुसत विचार करत होतो. माझ्या गावच्या जयंतीत मी लेझीम खेळायचो हे खरं. मिरवणूक शेजारच्या गावापर्यंत जायची, कलावतीच्या गावापर्यंत, हेही खरं. आणि तिथं पिंपळाखाली आम्ही दम खायचो, रुमाल, चपला काढून ठेवायचो. एका वर्षी माझ्या रुमालात शेंगदाण्याचा लाडू निघाला. मला वाटलं आत्यानं ठेवला असेल, ती त्याच गावात दिलेली. खाल्ला. पुढच्या वर्षीही निघाला. तोही खाल्ला.

"अगं," मी म्हणालो, "तो लाडू..."

"मग काय, कोरियातून आला होता?" ती दुधाकडं बघत म्हणाली.

"आपलं लग्न तर मामांनी जमवलं."

"मामांनी जमवलं. मामांच्या कानावर कुणी घातलं?"

मग सुचलं ते बोललो. मी असाच आहे, चांगलं बोलायच्या वेळी भांडायला लागतो. "त्या पोरीला रोज शिव्या घालतेस, बोल की, बोल की म्हणून. स्वतः जन्मभर तोंड मिटून बसलीस!"

"ती पोर आहे. तिला घाई आहे," ती म्हणाली. "मला कुठं जायचं होतं?"

दूध वर आलं. तिनं गॅस बंद केला.

मग काय, मी बिल्डिंगीत हीरो झालो. वॉचमनसुद्धा सलाम मारून विचारायचा, "हीरो, दूध लाया?" बाया मला बघून पदराआड हसायच्या. पुढच्या मे महिन्यात खिचियाच्या वेळी बायांनी माझ्याकडं लेझीम खेळून दाखवा म्हणून हट्ट धरला. काठी हातात होतीच. दोन उड्या मारल्या आणि कंबर धरली. कलावती लाटता लाटता म्हणाली, "आता बास. कबुतरं बघा." पण तिनं मान खाली घातली नव्हती. ओट्यावरनं बघावं तसं बघत होती.

मात्र नाव त्या एका दिवसानंतर पुन्हा घेतलं नाही. मी म्हणायचो, एकदा घेतलंस, आता काय उरलं? "ते पोरीसाठी घेतलं होतं," म्हणायची. लिंबाला खट्टावालाच म्हणायची.

हेतल बारावी झाली, आता कॉलेजात आहे, चित्रं काढायचं शिकते. ती गोष्ट संपली म्हणे. कलावती गेल्यावर शेवट सांगायला आली होती, पोरगी बोलली की नाही बोलली ते. मी म्हणालो, नको सांगू. त्या कोरियन पोराचं माझं काही नातं नाही. लेझीमवाल्याचं काय झालं ते मला माहीत आहे, बास. मग ती कलावतीच्या पोळपाटाजवळ जरा वेळ बसली आणि स्वतःच तेलाची बाटली काढून डोक्याला तेल लावून गेली. वाईट लावलं, कानावर ओघळ आला. कुणाला सांगणार.

गेल्या थंडीत कलावतीला धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाला, दवाखान्यात ठेवा. भरतभाईनं रिक्षा आणली, त्यानं आणि जयश्रीबेननं तिला खाली नेलं. मी वर कुलूप लावायला थांबलो. किल्ली नेमकी सापडेना.

तेवढ्यात खालून हाक आली. सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी, धाप लागलेल्या बाईची वाटणारच नाही अशी.

"लिंबाजीऽ! चष्मा राहिलाय!"

वॉचमननं वर बघितलं. दुसऱ्या मजल्यावरची बाई गॅलरीत आली. मी गॅलरीच्या गजाला धरून खाली वाकलो. रिक्षातून डोकं बाहेर काढून ती वर बघत होती, मांडीवर मिठाईचा डबा, पदर कपाळावरून घसरलेला. आपण काय बोलून बसलो ते तिचं तिलाच कळलं होतं, आणि ती तोंडावर हात न ठेवता हसत होती.

तिचा चष्मा खिडकीत होता. मी तो उचलला, ओरडलो, "आलो गं, आलो," आणि कुलूप न लावताच जिना उतरलो.